काय सोडलं की काय हाती येतं

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहा क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत एक ब्राह्मी लेख कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा हा दानलेख, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. डोंगर चढून आलेली मंडळी घाम पुसत तिथे फोटो काढतात आणि पुढच्या लेण्याकडे वळतात. दानलेख म्हटला की त्यात स्तुती आणि पुण्य असणार, असा आपला समज असतो. इथे मात्र चक्क ठेवीचा हिशेब मांडलाय.

लेख सांगतो, हे लेणं चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिलं आहे आणि सोबत ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून दिले आहेत. ही रक्कम नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांकडे, गुंतवली आहे. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे.

आता कागद-पेन घ्या. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे २४०. एक नाणं इकडचं तिकडे नाही!

या हिशेबात काय काय नाही, हे बघण्यासारखं आहे. भिक्षूंची नावं नाहीत. कोण उंच, कोण ठेंगणा, कुणाला कापड जास्त लागेल, याचा पत्ता नाही. विणकर कोण, कापूस कुठला, त्या साली पाऊस झाला का, काही नाही. हे लिहायचं राहून गेलेलं नाही, मुद्दाम सोडलेलं आहे. आणि ते सोडलं म्हणूनच भिक्षू बदलले, विणकर म्हातारा होऊन गेला, तरी हिशेब उभा राहतो.

अमूर्तीकरण म्हणतात ते हेच. हातातल्या कामासाठी एखाद्या गोष्टीतलं काय धरायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं, आणि मग जे धरलं त्याच्याशीच व्यवहार करणं. ‘अमूर्त’ म्हटलं की लोकांना काहीतरी हवेतलं, धूसर, पंडितांच्या गप्पांतलं वाटतं. पण २४० या आकड्यात धूसर काय आहे? एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९७२ साली एका व्याख्यानात हाच मुद्दा मांडला होता. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की अमूर्तीकरण मोघम बोलण्यासाठी नसतं, जिथे अगदी काटेकोर बोलता येईल अशी एक नवी पातळी तयार करण्यासाठी असतं. मला तर वाटतं, हा विषय ज्याला एका वाक्यात हवा असेल त्याने तेवढंच लक्षात ठेवावं.

त्या एका दगडावर अशा पातळ्या किती आहेत ते मोजायला लागलं की गंमत वाटते. संख्या आहे. पैसा आहे, म्हणजे कापड, धान्य, मजुरी या सगळ्यांना एकाच मापात आणणारी गोष्ट. व्याजाचा दर आहे, जो रक्कम कितीही असली तरी तोच राहतो. आणि ‘चारी दिशांचा संघ’ आहे, जो कोणत्याही एका भिक्षूपेक्षा वेगळा आहे. आजचे भिक्षू उद्या नसतील, संघ असेल, म्हणून दान संघाला. आजची कंपनी, ट्रस्ट किंवा सहकारी सोसायटी कायद्याच्या नजरेत ज्या अर्थाने ‘व्यक्ती’ असते, त्याच जातीची ही कल्पना आहे.

संख्येचंच बघू, कारण ती आपल्याला इतकी सवयीची झालीय की ती अमूर्त आहे हेच आपण विसरलोय. नाशिकच्या लेखांत आकडे अक्षरांत आणि अंकांत दोन्ही लिहिलेले सापडतात. त्या अंकांत शून्य नाही, स्थानिक किंमत नाही. दहासाठी वेगळी खूण, वीससाठी वेगळी, शंभर आणि हजारासाठी आणखी वेगळी. सत्तर हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला सत्तरची खूण जोडायची. तीन गायी, तीन भिक्षू, तीन हजार नाणी यांतून ‘तीन’ वेगळा काढण्याचं काम तोवर झालेलं होतं. खुणेची जागाच तिची किंमत ठरवेल, ही पुढची उडी या लेखांत अजून आलेली नाही.

संख्या हाताशी आली की माणूस तिच्यातलंही काहीतरी सोडून देतो. कोणती संख्या तेच सोडतो. शाळेत गुरुजी म्हणतात, समजा ती संख्या क्ष. आपल्याकडच्या जुन्या गणितज्ञांनी पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटलं, म्हणजे जेवढी असेल तेवढी. आणखी अज्ञातं आली की त्यांना रंगांची नावं दिली, काळक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसतं या, का, नी, पी, लो. बाराव्या शतकातले भास्कराचार्यही असंच लिहितात. मला ही रंगांची युक्ती फार आवडते. निळ्या रंगाचा त्या गणितातल्या आंब्यांशी किंवा व्याजाशी काहीएक संबंध नसतो, आणि नसतो म्हणूनच ते नाव सोयीचं.

त्याच्याही पुढे गेलं की राशीसुद्धा सुटते, उरतो फक्त व्यवहाराचा नियम. शुक्रवारनंतर पाच दिवसांनी बुधवार येतो. सात पाकळ्यांचं फूल एकेक पाकळी फिरवत गेलं तर सातव्या वेळी ते मूळ जागी येतं. वार आणि फूल यांत साम्य काय? गणिताच्या नजरेत ती एकच रचना आहे, सातव्या पावलाला मूळ जागी परत येणारी. १९२० च्या दशकात एमी न्योटर या जर्मन गणितज्ञ बाईंनी बीजगणिताला या वाटेवर पक्कं आणून सोडलं. इथे सामान्य वाचक साथ सोडतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. एका पायरीचं अमूर्त सवयीने मूर्त वाटायला लागतं तेव्हाच पुढची पायरी चढता येते. संख्येशी पुरेशी सलगी होण्याआधीच ‘समजा क्ष’ सुरू झालं की मुलं गणिताला घाबरतात, असं माझं मत आहे.

आता डोंगरावरून खाली, कांद्याच्या मार्केटात. लासलगाव किंवा पिंपळगावला लिलाव पाहिला नसेल तर एकदा पाहावा. ट्रॅक्टर रांगेने उभे. ट्रॉलीचा फाळका उघडतो, थोडा माल खाली घरंगळतो. व्यापारी चारसहा कांदे उचलतो, दाबून बघतो, सालीचा रंग बघतो, पत्ती म्हणजे साल डबल आहे की सिंगल, मान जाड राहिलीय का, जोडकांदे किती, गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती. बोली सुरू होते आणि मिनिटाभरात त्या ट्रॉलीचा भाव ठरतो, क्विंटलला इतके. रंग, पत्ती, मान, ओल, सगळं एका आकड्यात बसवलं गेलं.

हे पहिलं अमूर्तीकरण. संध्याकाळी दुसरं होतं. दिवसभराच्या सगळ्या ट्रॉल्यांचे तीन आकडे उरतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. हेच तीन आकडे मोबाइलवर येतात, पेपरात छापले जातात आणि दिल्लीत निर्यातीचा निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर पोचतात. लांब बसलेल्याला ते लागतातच, प्रत्येक ट्रॉलीची हकिकत ऐकत बसला तर निर्णय होणारच नाही. पण ज्याच्या ट्रॉलीत निम्मी गोल्टी निघाली, त्याला पेपरातला सर्वसाधारण भाव वाचून काय वाटत असेल? त्याला वाटतं आकडा खोटा आहे. आकडा खोटा नसतो. तो त्याच्यासाठी काढलेला नसतो. शिवाय सर्वसाधारण भावावरून उलट चालत कोणत्याही एका ट्रॉलीपर्यंत जाता येत नाही, ती वाट बंद झालेली असते.

त्याच जिल्ह्यातल्या निर्यातीच्या द्राक्षांत मात्र ही वाट मुद्दाम उघडी ठेवलीय. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल-निर्यात संस्थेची ग्रेपनेट नावाची संगणकीय व्यवस्था आहे. बागेचा प्लॉट आधी नोंदवायचा, त्याला क्रमांक मिळतो. फवारणीच्या औषधांचा अंश किती राहिलाय याची तपासणी त्या क्रमांकावर होते, पॅकहाउसमधून निघणाऱ्या मालाचा माग त्याच क्रमांकाशी जोडलेला राहतो. जहाजावर चढताना ती द्राक्षं नुसती पेट्यांची संख्या असतात. तिकडे एखाद्या पेटीत गडबड सापडली तर क्रमांक धरून निफाड-दिंडोरीतल्या त्या बागेपर्यंत मागे येता येतं. काय सोडलं याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न मग हा, की सोडलेलं परत उचलता येतं का.

संगणकाची सगळी इमारत याच प्रश्नावर उभी आहे. चहाच्या टपरीवर आपण क्यूआर कोड स्कॅन करतो, दहा रुपये टाकतो, डबी ओरडते ‘दस रुपये प्राप्त हुए’. आपल्यासाठी घडलं एवढंच. आतमध्ये ॲपने एका व्यवस्थेला निरोप दिला, तिने दोन बँकांना विचारलं, बँकांच्या नोंदी बदलल्या. त्याखाली नेटवर्क, त्याखाली चिपमधले बंद-चालू होणारे कोट्यवधी ट्रान्झिस्टर. प्रत्येक थर वरच्या थराला सांगतो, तू फक्त एवढं माग, बाकीचं माझ्याकडे लागलं. ॲप लिहिणाऱ्या मुलीला ट्रान्झिस्टर कळावा लागत नाही, चहावाल्याला ॲप कळावं लागत नाही. म्हणून तर २०१६ साली सुरू झालेलं यूपीआय इतक्या झपाट्याने टपरीपर्यंत पोचलं.

भानगड होते ती खालचा थर वचन मोडतो तेव्हा. पैसे खात्यातून गेलेले, डबी गप्प, स्क्रीनवर ‘प्रोसेसिंग’. त्या क्षणी दोन बँका, मधली व्यवस्था, नेटवर्क, सगळं एकदम आठवतं. जोएल स्पोल्स्की या अमेरिकन प्रोग्रामरने २००२ साली यावर एक नियमच सांगितला, की नाव घेण्याजोगं प्रत्येक अमूर्तीकरण थोडंफार गळतंच. पावसाळ्यात पत्र्याखाली राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

फाइलचंही तसंच. संगणकात ‘फाइल’ अशी एकसंध वस्तू कुठे नसतेच. तुकडे डिस्कवर विखुरलेले असतात आणि कुठे काय आहे याची एक नोंद असते. जुन्या हार्ड डिस्कवर डिलीट केलं की बहुधा ती नोंदच जाते, तुकडे तिथेच पडून राहतात. म्हणून जुना संगणक विकताना नुसतं डिलीट करून भागत नाही.

पाण्याची गोष्ट आम्हा नाशिककरांना जास्त जवळची. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हेच आमचं माप. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे तर बोलायलाच नको. हे माप अडाणी अजिबात नाही. मारुतीच्या कमरेला पाणी म्हटलं की कोणती दुकानं हलवायची, कोणता रस्ता बंद होणार, भांडीबाजाराकडे आणि सराफ बाजाराकडे किती धोका, हे जुन्या माणसाला लगेच कळतं. मापात अख्खं गाव सामावलेलं आहे.

पाटबंधारे खातं बोलतं क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८.३ लिटर. गंगापूर धरणातून १०,००० क्युसेक सोडले म्हणजे दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर, दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर. या आकड्याला रामकुंड माहीत नाही, मारुती माहीत नाही. पण त्याची बेरीज करता येते. धरणाचा विसर्ग आणि मधल्या ओढ्यानाल्यांचं पाणी मिळून होळकर पुलाखाली किती येईल याचा अंदाज बांधता येतो, आणि तो आकडा खाली नांदूरमध्यमेश्वरला फोनवर सांगता येतो. मारुतीच्या कमरेत दुसऱ्या ओढ्याचं पाणी मिळवता येत नाही, आणि पैठणच्या माणसाला ती कमर सांगून उपयोग नाही. १०,००० क्युसेक पूर्ण दिवसभर चालले तर ८६ कोटी ४० लाख घनफूट होतात, म्हणजे जवळजवळ ०.८६ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). एवढं जायकवाडीच्या दिशेने गेलं, असा हिशेब मग मांडता येतो.

आणि तिथून भांडण सुरू होतं, कारण टीएमसीला पाणी कुणाचं हे कळत नाही. वरच्या धरणांतून जायकवाडीला किती सोडायचं यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा दरवर्षी नाही तरी दुष्काळी वर्षात हमखास समोरासमोर येतात. दोन्हीकडचे लोक टीएमसीतच बोलतात, आकड्यांवर फारसा वाद नसतो. वाद असतो तो आकड्याने सोडून दिलेल्या गोष्टींवर. कुणाची द्राक्षबाग, कुणाच्या गावचा टँकर, धरणासाठी कुणाची जमीन गेली. मोजमाप चुकलं म्हणून असं भांडण होत नाही, त्यामुळे नवं मोजमाप करून ते मिटतही नाही.

कायद्यातलं अमूर्तीकरण सगळ्यांत जड. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो लोकांनी तो पुढे कित्येक वर्षं चालवला. दाराशी उभ्या माणसाबद्दल दार अडवणाऱ्यांना एकच गोष्ट दिसत होती, त्याची जात. बाकीचं सगळं, तो हिंदू आहे, भाविक आहे, याच शहरात राहतो, हे त्यांनी सोडून दिलेलं होतं. जात बघणं हेही एक अमूर्तीकरणच आहे, हे आपण सहसा म्हणत नाही. अख्खा माणूस एका खुणेवर आणून ठेवायचा!

राज्यघटनेने त्याच्या उलट बाजूने काम केलं. कलम १४ मध्ये जो कोणी येतो तो नुसता ‘व्यक्ती’ म्हणून येतो. नाव नाही, जात नाही, जमीन नाही, गाव नाही. कायद्यापुढे समानता द्यायची तर एवढं सोडावंच लागतं. पण घटना तिथे थांबत नाही. कलम १७ अस्पृश्यतेचं नाव घेऊन ती नष्ट झाल्याचं सांगतं आणि १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आलेलं १५(४) मागास वर्गांसाठी खास तरतुदींना जागा देतं. म्हणजे एका कलमात जात सोडली आणि दुसऱ्यात ती पुन्हा हातात घेतली. हा विरोधाभास आहे असं म्हणणारे लोक चहाच्या टेबलावर नेहमी भेटतात. मला तसं वाटत नाही. हक्क मोजताना जात सोडायची, आणि झालेला अन्याय मोजताना ती धरायची. कामं दोन आहेत, म्हणून सोडायच्या गोष्टीही दोन.

इथे तत्त्वज्ञानातला एक जुना वाद आठवतो. न्याय-वैशेषिक दर्शनांची मंडळी म्हणत, सगळ्या गायींत ‘गोत्व’ नावाचं एक खरंखुरं ‘सामान्य’, म्हणजे सगळ्यांत समान असलेलं तत्त्व, असतं, म्हणून आपण त्यांना गाय म्हणतो. बौद्ध नैयायिक दिङ्नाग म्हणाला, असलं काही नसतं. ‘गाय’ हा शब्द फक्त जे जे गाय नाही ते बाजूला काढतो. याला अपोह म्हणतात. वरचं सगळं वाचल्यावर दिङ्नागाचं पटायला लागतं, सगळीकडे वगळण्याचंच काम चाललंय. पण मीमांसक कुमारिल भट्टाने त्याला बरोबर अडवलं. गाय माहीत नसताना ‘गाय नसलेलं’ तू ओळखणार कसं? याचं उत्तर देण्यात बौद्ध आचार्यांच्या पुढच्या पिढ्या गुंतून पडल्या. व्यवहारात मला कुमारिलाची बाजू विसरायला आवडत नाही, कारण काय सोडायचं हे ठरवताना आपण आधीच काहीतरी धरून बसलेले असतो आणि ते काय हे बऱ्याचदा सांगतच नाही.

चित्रकलेत हाच खेळ वेगळ्या कारणासाठी चालतो. वारली चित्रातला माणूस बघा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड झालं, वर गोल डोकं, काड्यांसारखे हातपाय. चेहरा नाही, कपडे नाहीत, वय नाही. पण तारप्याभोवती फेर धरलेली माणसं नाचतायत हे लहान पोरालाही कळतं. दोन त्रिकोणांच्या सांध्यात धड वाकतं, सगळी लय तिथे आहे. चेहरा ठेवला असता तर आपण चेहरे बघत बसलो असतो. डच चित्रकार पीट मॉन्द्रियान याने १९०८ ते १९१२ च्या सुमारास झाड पुन्हा पुन्हा रंगवलं आणि दर वेळी थोडं थोडं सोडत गेला, शेवटी फांद्यांच्या रेषांची जाळी उरली. ही चित्रं ओळीने पाहिली तर मागे झाडापर्यंत जाता येतं.

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रात मात्र मागे जायला वाटच नाही. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, २००१ साली गेलेले हे चित्रकार. आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना रुचत नसे, वस्तूशी संबंध नसलेलं म्हणा असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर होतं, कारण त्यांनी झाड घेऊन त्यातलं काही सोडलेलं नव्हतं, सुरुवातच रंगापासून होती. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवत आणि खरवडत. म्हणून अशा चित्रापुढे उभं राहून ‘हे कशाचं आहे’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही आणि माणूस वैतागतो. कोणता थर वर आहे, कोणता खालून दिसतोय, उजेड कुठून येतोय असं वाटतं, एवढं विचारलं तर पाच मिनिटांत डोळ्यांना बरंच काही सापडतं.